दागिन्यांच्या फोटोंसाठी कॅमेरा घेताय? आधी मोजपट्टी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या गुजरीत तुमचं छोटं दुकान आहे. नथ, ठुशी, साज, मोत्याच्या कुड्या असा पारंपरिक माल. आजवर मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतात, आता वेबसाइट आणि अ‍ॅमेझॉनवर विक्री सुरू करायची आहे. बजेट ८० हजार. कॅमेऱ्याच्या दुकानदाराने फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या मोठ्या चिपची) मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी आणि ५० एमएम १.८ लेन्स सुचवली आहे, वरचे पैसे हप्त्याने. घ्यावी का? एक्स्टेन्शन ट्यूबवर (लेन्सच्या मागे लावायच्या नळीवर) भागेल का? आणि याच सामानात रील्सही होतील का?

फुलफ्रेम नका घेऊ. निदान आत्ता नका घेऊ. लग्नाचे, माणसांचे फोटो काढायचे असते तर दुकानदाराचा सल्ला ठीकच होता. अंधाऱ्या हॉलमध्ये फुलफ्रेमचा फायदा दिसतो. तुमचा माल स्टँडवर गप्प बसून राहणार आहे, लाइट तुमच्या हातात आहे आणि कॅमेरा ट्रायपॉडवर आहे. अशा कामात बॉडी सगळ्यात शेवटी येते. पैसे लावायचे ते मॅक्रो लेन्सवर (अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सवर), मग लाइटवर आणि ट्रायपॉडवर, आणि उरतील त्यात एखादी चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड बॉडी.

आता कारण. एक मोजपट्टी घ्या आणि विकायच्या वस्तू मोजा. मोठी नथ साधारण ४ सेंटीमीटर रुंद भरेल. कुडी दीड सेंटीमीटर. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोत शुभ्र पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने फोटोची सुमारे ८५ टक्के जागा व्यापलेली हवी, आणि गिऱ्हाइकाला झूम करता यावं म्हणून लांब बाजू किमान १००० पिक्सेल हवी. म्हणजे नथेसाठी तुमची चौकट ४७ मिलिमीटरची आणि कुडीसाठी जेमतेम १८ मिलिमीटरची. लेन्स निवडायची ती या आकड्यांवरून.

दुकानदाराच्या जोडीला हेच गणित लावू. कॅननची आरएफ ५० एमएम १.८ धरली, तर ती जास्तीत जास्त ०.२५ पट मोठं करते. वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूच्या खऱ्या आकाराच्या किती पट, तो हा आकडा. फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. म्हणजे अगदी जवळ जाऊनही तुमच्या चौकटीत १४४ बाय ९६ मिलिमीटर जागा येणार. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, तेव्हा वस्तूच्या दर मिलिमीटरला साधारण ४२ पिक्सेल मिळाले. नथ क्रॉप केली की १९०० ते २००० पिक्सेल उरतील, चालून जाईल. कुडी क्रॉप केली की उरतील सातशे-साडेसातशे. झूमसुद्धा चालणार नाही. नवीकोरी फुलफ्रेम बॉडी, डोक्यावर हप्ते, आणि कुडीचा फोटो अ‍ॅमेझॉनच्या झूमच्या किमान मापातही बसत नाही.

आता जुनी, लहान सेन्सरची कॅनन बॉडी घ्या. सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, पिक्सेल तेवढेच २४ मेगा. तिच्यावर १:१ मॅक्रो लेन्स (सेन्सरवर वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा पाडणारी) लावली की दर मिलिमीटरला २६८ पिक्सेल पडतात. कुडीने आख्खी चौकट भरते, चौरस फोटो ४००० पिक्सेलचा निघतो, मोत्यांच्या मधली सोन्याची तारसुद्धा दिसते. सेन्सर लहान असणं इथे उलट तुमच्या पथ्यावर पडतं, कारण तेवढेच पिक्सेल कमी जागेत बसलेले असतात.

‘मॅक्रो’ या शब्दावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनेक झूम लेन्सवर मॅक्रो असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात त्या पाव पट किंवा फार तर अर्धा पट मोठं करतात. कॅननच्याच आरएफ ३५ आणि ८५ एमएम या लेन्सच्या नावात मॅक्रो आहे, पण त्या ०.५ पटीवर थांबतात. नथेला ते पुरेल, कुडीला कमी पडेल. विचारताना ‘मॅग्निफिकेशन किती’, म्हणजे किती पट, असंच विचारा, आणि उत्तर १:१ आलं तरच पुढे बोला.

१:१ लेन्समध्येही ३५, ४०, ६०, ९०, १०० एमएम असे प्रकार मिळतात. आकडा जितका लहान तितकी लेन्स साधारणपणे स्वस्त, आणि इथेच बरेच जण फसतात. कॅननची ईएफ-एस ३५ एमएम मॅक्रो १:१ ला पोचते तेव्हा तिच्या काचेपासून वस्तू अवघ्या ३ सेंटीमीटरवर असते. निकॉनच्या डीएक्स (लहान सेन्सरसाठीच्या) ४० एमएमचंही जवळपास तसंच. कॅननच्या ईएफ-एस ६० एमएमला साधारण ९ सेंटीमीटर मिळतात, आणि ईएफ १०० एमएमला जवळजवळ १५. फोटोची चौकट चौघींची सारखीच असते. फरक पडतो तो मधल्या मोकळ्या जागेत, आणि दागिन्याच्या फोटोत ती जागाच सगळं ठरवते.

मोती डोळ्यासमोर धरून पाहा. तो गोल आरसा आहे. त्यात खिडकी दिसते, ट्यूब दिसते, तुमचं डोकं दिसतं, आणि समोर कॅमेरा असेल तर बरोबर मधोमध लेन्सचा काळा ठिपका दिसतो. हा ठिपका पूर्णपणे घालवता येत नाही, कारण गोल पृष्ठभागाचा कुठला तरी भाग लेन्सकडे तोंड करून असणारच. तो लहान मात्र करता येतो, त्यासाठी लेन्स मोत्यापासून लांब हवी. ३ सेंटीमीटरवरून काढलेल्या मोत्याच्या पोटात काळी बाहुली बसल्यासारखी दिसते. तोच मोती तिप्पट-चौपट लांबून काढला की ठिपका इतका बारीक होतो की गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. शिवाय लेन्स दागिन्याला चिकटली की बाजूने लाइट आत शिरायलाच जागा राहत नाही, लेन्सची स्वतःची सावली मालावर पडते. म्हणून दागिन्यांसाठी ९० ते १०५ एमएम. ६० वर भागवणारे आहेत, पण ते मोत्यांपेक्षा कपडे, चामडं किंवा डबाबंद मालाचं काम जास्त करतात.

मोबाइलचा मॅक्रो मोड याच कारणाने इथे निरुपयोगी ठरतो. बहुतेक चांगल्या फोनमध्ये तो अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर चालतो आणि २-३ सेंटीमीटरवर जावं लागतं. नथेचा पुढचा मोती भोपळ्याएवढा आणि मागची तार दोऱ्याएवढी दिसते, वर आख्खा फोन सोन्यात उमटतो. स्वस्त फोनवरच्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याबद्दल न बोललेलंच बरं. फोन वापरायचाच तर टेली कॅमेरा लावून थोडं लांब उभं राहा आणि क्रॉप करा.

आता नेमक्या लेन्स. कॅननच्या डीएसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) ईएफ १०० एमएम २.८ यूएसएम मॅक्रो ही २००० साली आलेली, लाल पट्टी (कॅननच्या महाग एल मालिकेची खूण) नसलेली लेन्स सेकंडहँड बाजारात सापडते आणि तुमच्या कामाला पुरून उरते. २००९ ची एल मालिकेतली १०० एमएम तिच्यापेक्षा महाग, कारण तिच्यात हात थरथरला तरी सावरणारी यंत्रणा आहे. ट्रायपॉडवर ती यंत्रणा बंदच ठेवायची असते, मग तिचे पैसे कशाला मोजायचे? टॅमरॉन ९० एमएम २.८, सिग्मा १०५ एमएम २.८ आणि टोकिना १०० एमएम २.८ या तिन्ही १:१ आहेत आणि तिन्हींवर मी कुणालाही नाक मुरडू देणार नाही. मॅक्रो लेन्स मुळातच इतक्या काटेकोर बनवलेल्या असतात की त्यांच्यात वाईट शोधावी लागते. निकॉनवर असाल तर एएफ-एस १०५ एमएम व्हीआर उत्तम, पण जड आणि महाग. डीएक्स ८५ एमएम ३.५ हलकी आणि बऱ्यापैकी स्वस्त.

निकॉनवाल्यांसाठी एक खोच. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी लेन्स, टोकिना १०० आणि टॅमरॉन ९० ची जुनी, मोटर नसलेली आवृत्ती त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाही. विकणारा ‘लेन्स खराब आहे’ म्हणून पाडून किंमत सांगत असेल, तर कदाचित हेच कारण असेल आणि तुमचा फायदा होईल. कारण या कामात फोकस हातानेच करायचा असतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) चालू करायचा, चित्र दहा पट मोठं करायचं आणि रिंग हळूहळू फिरवायची.

एक्स्टेन्शन ट्यूबचं उत्तर: प्रयोगाला हो, रोजच्या कामाला नाही. ट्यूब म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मधली पोकळ नळी, तिच्यात काच नसते. नळीची लांबी भागिले लेन्सचा आकडा, एवढं मॅग्निफिकेशन वाढतं. ५० एमएम लेन्सवर २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की ०.५ ची भर पडते, नथ झकास येते. पण वस्तू जवळ आणावी लागते, आणि फोकस करता येईल असा पल्ला इतका आखूड होतो की नथ झाली की ठुशीसाठी ट्यूब काढा, पुन्हा कुडीसाठी लावा, असं दिवसभर चालतं. घ्यायचीच तर सोनेरी कॉन्टॅक्ट असलेली घ्या. बिनकॉन्टॅक्टची दोन-तीनशे रुपयांची ट्यूब लावली की कॅननच्या लेन्सचा अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) बॉडीला बदलताच येत नाही, तो सताड उघडा राहतो आणि एक मोती सोडून बाकी सगळं धूसर येतं. लेन्सच्या तोंडाला लावायच्या स्वस्त क्लोजअप फिल्टरने सोन्याच्या कडांना जांभळी-हिरवी झालर येते. ते सोडून द्या.

धूसर होण्याचं हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत खोली फारच थोडी मिळते. वर सांगितलेल्या कॅननवर नथेच्या चौकटीत एफ ११ ला (एफचा आकडा वाढला की भोक बारीक होतं) साधारण साडेपाच मिलिमीटर खोली शार्प राहते. नथ पुढून मागे सहज १२ मिलिमीटर असते. कुडीला त्याच एफ ११ वर मिळतो जेमतेम १ मिलिमीटर. नवीन माणूस मग अ‍ॅपर्चर एफ २२, एफ ३२ करत जातो. खोली वाढते खरी, पण भोक फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरतो आणि आख्खा फोटोच पावडर लावल्यासारखा मऊ होतो. जवळून काढताना अ‍ॅपर्चर दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात आणखी बारीक असतो. १:१ वर एफ ११ हा एफ २२ सारखा वागतो. निकॉनच्या बॉडीवर निकॉनची मॅक्रो लेन्स लावली की हा बदललेला आकडाच दाखवते, कॅननवर मूळ आकडा दिसतो. त्यामुळे दोन मित्रांनी एकमेकांचे आकडे ताडून भांडू नये.

यावरचा खरा उपाय फोकस स्टॅकिंग. कॅमेरा हलवायचा नाही, एफ ८ च्या आसपास राहायचं, पहिला फोटो सगळ्यात पुढच्या मोत्यावर, मग रिंग किंचित फिरवून दुसरा, असं करत शेवटच्या तारेपर्यंत जायचं. नथेला चार-पाच, कुडीला आठ-दहा फोटो लागतात. कुठला भाग सुटू नये म्हणून प्रत्येक फोटोचा शार्प पट्टा आधीच्यावर थोडा चढला पाहिजे. मग ते फोटोशॉपमध्ये एकावर एक थर म्हणून उघडायचे, आधी ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंड. रोज पन्नास वस्तू करायच्या झाल्या तर हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकर घ्या, त्यांचं हेच काम आहे आणि ते फोटोशॉपपेक्षा भराभर करतात. ठुशीच्या घट्ट ओवलेल्या मण्यांत किंवा साजाच्या पानड्यांत कडा एकमेकींवर येतात तिथे कधी कधी धुरकट वलय उरतं, तेवढं हाताने पुसावं लागतं.

फोकस पुढे-मागे नेण्यासाठी मॅक्रो रेल (कॅमेरा स्क्रूने सरकवायची पट्टी) घ्या, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तुमच्या आकाराच्या वस्तूंना त्याची गरज नाही, रिंग पुरते. त्याऐवजी कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडा. कॅननचं ईओएस युटिलिटी फुकट आहे, निकॉनचं एनएक्स टेदरही. विंडोजवर डिजिकॅमकंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते दोन्ही कंपन्यांचे बरेचसे मॉडेल चालवतं. माउसने फोकस सरकतो, कॅमेऱ्याला हातच लागत नाही. आणि मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय सोन्यावर चिकटलेला कापसाचा तंतू दिसत नाही, हा वेगळाच फायदा.

आता बॉडी. एवढं सगळं ट्रायपॉडवर, आयएसओ १०० वर (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता कमी ठेवून) आणि कदाचित पाव सेकंदाच्या शटरवर होणार असेल, तर बॉडीकडून काय हवं? चांगला लाइव्ह व्ह्यू, लॅपटॉपला जोडण्याची सोय, आणि बाहेर उघडून फिरणारा स्क्रीन. स्क्रीन यासाठी की वरून फोटो काढताना स्टुलावर चढून मान मोडावी लागत नाही. कॅनन २००डी, २००डी मार्क दोन, ८०डी किंवा निकॉन डी५६००, यापैकी कमी वापरलेली मिळेल ती घ्या. चौघीही २४ मेगापिक्सेलच्या आहेत आणि यात कुठली श्रेष्ठ यावर मी वेळ घालवणार नाही.

एक सावधगिरी तेवढी सांगतो, कारण ती विकणारा सांगत नाही. कॅनन २००डी मार्क दोन, १५००डी आणि ३०००डी या बॉडींच्या फ्लॅशच्या खाचेत मधला गोल कॉन्टॅक्ट नाही. त्या एकाच पिनवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यांच्यावर उडतच नाहीत. पुढे फ्लॅश घ्यायचा विचार असेल तर ८०डी किंवा जुनी २००डी बघा, नाहीतर कॅननचे सगळे कॉन्टॅक्ट वापरणारा ट्रिगर तुमच्याच बॉडीवर लावून, उडवून मगच पैसे द्या. मिररलेसचं म्हणाल तर धंदा चालू लागला की कॅनन आर१० सारखी बॉडी घ्या. फोकस टप्प्याटप्प्याने सरकवून फोटोंची मालिका ती स्वतः काढते आणि तुमची ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरवर तशीच चालते. म्हणून आत्ता लेन्सवर घातलेला पैसा बुडत नाही.

लाइटबद्दल. दुकानातले पिवळे स्पॉट, छताची ट्यूब, दारातून येणारा उजेड, हे सगळं बंद किंवा झाकून टाका. तीन रंगांचे उजेड एकत्र आले की सोनं एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने हिरवट दिसतं आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट होत नाही. त्याऐवजी ५५०० केल्विनच्या आसपासचे (दिवसाच्या उजेडासारखे), सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९५ किंवा जास्त असलेले दोन एलईडी लाइट घ्या. सुरुवातीला फ्लॅशपेक्षा सतत जळणारा लाइटच बरा, कारण सोन्यावरची चमक कुठे सरकते ते समोर दिसतं. लाइट थेट दागिन्यावर मारायचा नाही. मध्ये ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव लाकडी चौकटीवर ताणून उभा करायचा आणि लाइट त्याच्या मागे. सोन्याचा फोटो म्हणजे सोन्यात पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो. समोर मोठा पांढरा कागद असेल तर सोनं भरलेलं, गुळगुळीत दिसेल. समोर नुसता बल्ब असेल तर एक पांढरा डाग आणि बाकी सगळं काळपट.

बाजारात पांढऱ्या कापडाचा चौकोनी तंबू मिळतो. चांदीच्या पैंजणांना तो ठीक. मोत्याच्या नथेला त्यात ठेवलं की मोती पांढरा, कापड पांढरं, पार्श्वभूमी पांढरी, सगळंच एकमेकांत मिसळतं आणि मोती खडूच्या गोळीसारखा सपाट दिसतो. मोत्याला गोलाई द्यायला काळं लागतं. काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा आणि नथेच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर उभ्या करा. मोत्याच्या कडेला बारीक करडी रेघ उमटते आणि तो पार्श्वभूमीतून सुटून बाहेर येतो. पट्टी एक सेंटीमीटर सरकवली की रेघ जाड-बारीक होते, लॅपटॉपवर बघत बघत जागा ठरवा. मग ट्रेसिंग पेपरच्या एका कोपऱ्यात लाइट जरा जवळ आणा म्हणजे मोत्यावर एक छोटा, मऊ कडांचा उजळ ठिपका येतो. पाणीदारपणा त्यातूनच दिसतो. ही एक मांडणी जमली की तन्मणी, चिंचपेटी, बुगडी, सगळ्याला तीच चालते.

पोलरायझर फिल्टर लावला की चमक जाते, असं कुणी सांगितलं तर अर्धवट खरं आहे. मीनाकाम, खडे, काच यांच्यावर तो चालतो. उघड्या धातूवर जवळजवळ काहीच करत नाही. त्यासाठी लाइटवरही पोलरायझिंग फिल्म लावावी लागते, आणि मग चमक इतकी जाते की सोनं पितळ दिसायला लागतं.

रंगासाठी करड्या रंगाचं ग्रे कार्ड घ्या. प्रत्येक मांडणीत पहिला फोटो दागिन्याजवळ कार्ड ठेवून काढा आणि त्यावरूनच व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) ठरवा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सला पिवळं सोनं म्हणजे चूक वाटते, तो त्यात निळा मिसळून ते फिकट करतो. लाल पॉलिशचा माल पिवळा दिसला की परत आलाच म्हणून समजा. वेबसाइटवर टाकताना फाइल एसआरजीबीमध्ये (वेबसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) काढा.

हॉलमार्कचा फोटो वेगळा द्यावा, असं मला वाटतं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) असल्याशिवाय विकता येत नाही, आणि गिऱ्हाईक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर अ‍ॅपवर तो पडताळू शकतं. बीआयएसचं चिन्ह, २२के९१६ आणि एचयूआयडी हा मजकूर भिंगाशिवाय वाचता येत नाही. इथे १:१ लेन्स पूर्ण वसूल होते. लेझरने कोरलेली अक्षरं समोरून लाइट टाकला तर दिसतच नाहीत. लाइट एका बाजूने, अगदी खालच्या कोनातून टाका म्हणजे खाचा उठून येतात.

ट्रायपॉड जड घ्या. मधला दांडा आडवा होणारा मिळाला तर वरून फोटो काढायची सोय होते. बॅगेत मावेल असा हलका ट्रायपॉड प्रवासाला, दुकानात नको. लाकडी फळीची जमीन असेल तर फोटो निघेपर्यंत कुणी चालू नये. पाव सेकंदात पाऊल वाजलं तरी फोटो हलतो. डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यू आणि २ सेकंदांचा टायमर लावा. आणि हो, १०० एमएमने पूर्ण सेट मांडून वरून काढता येणार नाही. ६० सेंटीमीटर रुंद मांडणीला कॅमेरा पावणेतीन मीटर वर न्यावा लागेल. बॉडीसोबत येणारी १८-५५ त्यासाठी ठेवा, ३५ एमएमवर एक मीटरमध्ये काम होतं. स्टँडवरची ठुशी किंवा साज मात्र १०० एमएमनेच काढा, दीड मीटर मागे सरकायला जागा असली की झालं.

सेकंडहँड लेन्स घेताना टॉर्च न्या. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः कोकणात राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. चार धुळीचे कण असतील तर काही बिघडत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. बॉडीचा शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा. या वर्गातल्या बॉडी साधारण एक लाखापर्यंत चालतील असं धरतात. आणि तुमची स्वतःची एक कुडी बरोबर न्या, तिथेच एफ ८ वर फोटो काढा, आख्खा मोठा करून बघा. घरी आणल्यावर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. कपाटात, कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत नको. पावसाळ्यात बुरशी तिथूनच सुरू होते.

पैशांची वाटणी मी अशी करीन: लेन्सला ३० हजारांपर्यंत, बॉडीला २५ ते ३०, लाइट, कागद आणि ट्रायपॉड मिळून १५ ते २०. लेन्स स्वस्तात मिळाली तर उरलेले पैसे लाइटवर घाला, बॉडीवर नको. हप्ता शून्य.

रील्सचं विचारलंत. चालेल, पण २००डी मार्क दोनवर ४के च्या नादाला लागू नका. त्यात चौकट कापली जाते आणि बॉडीचा चांगला ऑटोफोकस बंद पडतो. १०८०पी ठेवा, २५ फ्रेम, शटर ५०, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लाइट लुकलुकणार नाही. नथ हाताने फिरवू नका, सावकाश फिरणारी छोटी चकती मिळते तिच्यावर ठेवा, फोकस हाताने लावून ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ १६ करा. व्हिडिओत फोटोसारखं स्टॅकिंग करता येत नाही, आणि फोनच्या पडद्यावर तेवढा मऊपणा कुणाला कळत नाही.